रेघेबाहेरची लाली

बाई, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. मुलांच्या वॉर्डात तुम्ही आमच्या हेडसिस्टर होतात आणि मी नवी, फटकळ. एका सकाळी मी रडणाऱ्या मुलाची समजूत काढत बसले होते, तर तुम्ही मनगट धरून मला कोपऱ्यातल्या खाटेकडे नेलंत. "रडणारं थांबू शकतं. गप्प पडलेल्याकडे आधी जायचं. कळलं?" सगळ्यांदेखत बोललात. मला तुमचा राग आला होता.

आता मी घरोघरी जाऊन मुलांना शिरेतून अँटिबायोटिक देते. कातडीत इन्फेक्शन आहे, पण मूल खातंपितंय, असं दिसलं की डॉक्टर हातात सुई बसवून घरी सोडतात. रोजचा डोस माझ्याकडे. गेल्या महिन्यात वळ गावात सहा वर्षांची एक मुलगी होती. डास चावलेलं खाजवून खाजवून नडगी सुजलेली. पहिल्या दिवशी लालीच्या कडेने मी पेनने रेघ ओढली, तुम्ही शिकवलीत तशी. तिने माझा हात झिडकारला, मला शिव्या घातल्या, सगळं घर हसलं. तिसऱ्या दिवशी आजी दारातच म्हणाली, "आज पोर शांत हाय. कालपासून रडली न्हाय." मुलगी भिंतीकडे तोंड करून पडलेली. मी सुईला हात लावते, ती हात मागे घेत नाही. चादर काढते. लाली रेघ ओलांडून गुडघ्यापर्यंत चढलेली, कातडी तकतकीत, अंग भाजतंय.

"डोस देऊन टाका सिस्टर, उद्या बघू. माझी गोदामात ड्युटी हाय," बाप म्हणाला.

"उद्या नाही. रिक्षा बोलवा, आत्ता."

रिक्षातूनच डॉक्टरांना फोन केला. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ओरडावं म्हणून मी तिला चिमटे काढत होते, बाई. ती ओरडली नाही.

पाय चिरून पू काढला. नऊ दिवस हॉस्पिटलात होती. आता चालते, जराशी लंगडत. आजी भेटली की हात जोडते, "तुमीच वाचवलीत पोरीला."

पण त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे दुसऱ्या डोसाला मी गेले, तेव्हा ती झोपली होती. उठवलं तर रडेल, पुढची तीन घरं राहतील, म्हणून मी चादर काढलीच नाही. डोस दिला आणि कागदावर लिहिलं, 'लाली तेवढीच.' हे आजीला सांगितलेलं नाही, डॉक्टरांनाही नाही. तुम्ही असतात, तर तुम्हालाही सांगितलं नसतं.