फुप्फुसं तपासा, विटा वाटू नका

मी, गालेबोए मोथिबेदी, दक्षिण आफ्रिकेतल्या कुरुमानच्या डोंगराखालच्या वस्तीतली विधवा, माझ्यामागची व्यवस्था स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. मला दम लागतो. डोकं शाबूत आहे. धाकटे दीर ओलेबिले याउलट सांगतील. त्यांना साक्षीदारांसमोर उभं करावं.

घर. खाणीने टाकून दिलेल्या चुऱ्याच्या विटा पाडून नवऱ्याने ते बांधलं. त्यात कोणीही राहू नये. पाणी मारून, जाणत्या माणसांकडून पाडून पुरावं. दीर परवा भिंतीवर थाप मारून म्हणाले, "वहिनी, विटा खणखणीत आहेत. फुकट घालवता?" भाऊजी, त्यांत निळं ॲस्बेस्टॉस आहे. त्या विटांनी डुकरांचं खुराडंही बांधू नका. डुकरांनी तुमचं काय बिघडवलंय?

शेळ्या शेजारीण सेगामेत्सीला. तिने मला विचारल्याशिवाय कधी सल्ला दिला नाही.

खाणीचे मुकादम फान रेनेन म्हणायचे, "धूळच ती, धुतली की जाते." धुणारी मी होते. नवऱ्याचे कपडे अंगणात झटकून मग भिजवायचे. मुकादम आता समुद्रकाठी हवा खातात. त्यांना माझ्याकडून काही नाही, क्षमा तर मुळीच नाही.

इथल्या दवाखान्यातल्या साहेबांनी थुंकीत जंतू सापडले नाहीत तरी मला क्षयाच्या गोळ्या चारल्या. नवऱ्यालाही त्यांनी क्षयातच पुरलं. शेवटी किंबर्लीच्या डॉक्टरीणबाईंनी छातीतलं पाणी काढलं, फुप्फुसावरच्या पडद्याचा तुकडा तपासला आणि मेसोथेलिओमा हे नाव सांगितलं.

"आजी, खाणीत होतात?"

"नाही. खाण माझ्या बादलीत यायची."

"सिगारेट?"

"कधीच नाही."

"या कर्करोगाला ती लागतही नाही. ही धूळ तीस-चाळीस वर्षं छातीत गप्प बसते."

म्हणून मेल्यावर माझी फुप्फुसं काढून तपासावीत. "वहिनीला अपुरी पुरायची?" असं भाऊजी विचारतील. हो, अपुरी. मृत्यूच्या दाखल्यावर आजाराचं खरं नाव येईपर्यंत तशीही पुरू नये.

शिलाई मशीन मुलगी चेनोलोला. बाळा, बाबा खाणीतून आले की तू धावत जाऊन त्यांच्या मांडीवर बसायचीस. मशीन नेण्याआधी किंबर्लीला जाऊन छाती तपासून घे. तिथले डॉक्टर विचारतीलच असं नाही. तूच सांग: माझे वडील खाणीत होते, आणि मी त्यांची फार लाडकी होते.

सही: गालेबोए मोथिबेदी
साक्षीदार, दोघेही माझ्यासमोर व एकमेकांसमोर:
सिस्टर ओनालेन्ना केबोनांग (सही)
पाद्री इत्सेंग मारुपिंग (सही)
कुरुमान, ९ ऑगस्ट २००४