आईच्या मोर्च्यानं काय मिळालं

आई, मागच्या महिन्यात आमच्या ग्रुपवर तुझा विषय निघाला, आणि तो मी काढला नव्हता. शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. एकानं काही लिहिलं, की ते चाळीस घरांत एकदम वाचलं जातं. नळाला पाणी सहाव्या दिवशी येतंय, तेही तासभर. म्हणून शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या भाभींनी लिहिलं, सोमवारी सगळ्या बायकांनी रिकाम्या घागरी घेऊन पाण्याच्या ऑफिसवर जायचं. झालं. दुपारची भांडी घासून मी हात पुसतेय तोवर साठ मेसेज. कोपऱ्यावरचे रिटायर हेडक्लार्क म्हणाले, मोर्च्यानं काही बदलत नसतं, बदल मतदानातून होतो. कॉलेजातल्या एका मुलीनं विचारलं, काका, एवढी वर्षं मत देताय, तुमच्या नळाला कुठं पाणी आलं? त्यापेक्षा व्हिडिओ टाका, तासाभरात ऑफिसवाले हलतील. कुणी लिहिलं, मोर्चा नको न् व्हिडिओ नको, टँकरवाल्यालाच जावई करून घ्या. त्यातच एकीनं देवीचा फोटो टाकला, त्याला मी हात जोडले. मग भांडण फारच वाढलं, तेव्हा भाभींचा व्हॉइस मेसेज आला. "काकू, तुमची अम्मा बिडीवाल्या बायकांच्या मोर्च्यात होती ना? तुम्हीच सांगा, काय मिळालं त्यांना? तुम्ही म्हणाल तसं करू." गल्लीच्या भिशीचा हिशेब माझ्याकडे असतो, माझ्या शब्दावर लोक चालतात.

काय मिळालं ते मला माहीत होतं. मी मॅट्रिकला होते. चुलीकडे पाठ करून, मांडीवर सूप घेऊन तू बिड्या वळतेस, आणि त्या पोचवायला मी तुझ्याबरोबर कारखान्यात येते. तपासणारा माणूस मूठभर बिड्या छाट, म्हणजे खराब, म्हणून बाजूला काढतो. त्या तुझ्या मोजणीत धरायच्या नाहीत, तुला परत द्यायच्या नाहीत, आणि संध्याकाळी कारखान्यात चांगल्या बिड्यांबरोबर त्याच बंडलात बांधून विकायला पाठवायच्या. एक दिवस तू त्याला म्हणालीस, "खराब हायती न्हवं? मग मोड की माझ्यासमोर." तो हसला. दुसऱ्या दिवसापासून पन्नास बायका फाटकाबाहेर उन्हात बसल्या. वळायला पान-तंबाखू कुणी घरी न्यायचीच नाही, असं ठरलं. नवव्या दिवशी घरातलं पीठ संपलं आणि मी तुझं कार्ड दाखवून कारखान्याच्या मागच्या दारानं पान घेऊन आले. तू ओरडली नाहीस. तो गठ्ठा माझ्या डोक्यावर ठेवलास आणि भर दुपारी सगळ्या बायकांसमोरून मला परत न्यायला लावलंस. एवढंच म्हणालीस, "तू एकली न्हेलीस की उद्या धाजणी न्हेतील. मग आमी हितं कशाला बसलोय?" मी आठवडाभर तुझ्याशी बोलले नाही. पण बाराव्या दिवशी मालकानं कबूल केलं, छाट बाईसमोर मोडायची. आणि समोर मोडायची म्हटल्यावर त्या माणसाला छाट सापडेनाशीच झाली. मुठीच्या जागी चार-पाच बिड्या. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

एवढं लिहायला मला कितीसा वेळ लागला असता? लिहायला घेतलंही होतं. तेवढ्यात मुलाचा फोन. तो त्याच पाण्याच्या ऑफिसात कंत्राटावर आहे, आणि कंत्राट वाढवायचं की नाही ते त्याच महिन्यात ठरायचं होतं. ग्रुप तोही वाचत होता. "आई, काही लिहू नकोस. तू हो म्हटलीस की अख्खी गल्ली निघते. तू माझी आई हे साहेबाला माहिताय."

"मग काय, खोटं लिहू?"

"खोटं कुठं म्हणतोय? गप्प बस म्हणतोय फक्त."

पण भाभींनी पुन्हा विचारलं, "काकू, आहात का?" देवापुढं जाऊन बसले. सिद्धेश्वरा, तूच सुचव म्हटलं. त्याला काय सुचवायचं होतं ते मला कळत होतं, म्हणून लवकरच उठले. मग लिहिलं, "फार काही मिळालं नाही. बारा दिवसांची मजुरी बुडाली, घरातलं पीठ संपलं, तेवढं खरं." त्यातलं दुसरं वाक्य खरं होतं. वीसेक अंगठे आले. हेडक्लार्कनी लिहिलं, हे अनुभवाचे बोल.

सोमवारी चाळीस घरांतल्या सहाजणी गेल्या. मी खिडकीतून मोजल्या. मला बोलवायला कुणी आलंच नाही. दुपारी भाभी परत आल्या, घागर माझ्या पायरीवर टेकवली आणि बसल्या. "साहेब हसला काकू. म्हणे सहाजणींचा काय मोर्चा असतो व्हय? जा घरी, रोटी करा." ओढणीनं तोंड पुसत म्हणाल्या, "तुमचंच खरं निघालं. मोर्च्यानं काय बी होत नाही. मी उगीच तुमच्याशी मनात भांडत होते."

मी त्यांना चहा दिला. सांगायचं म्हणून तोंड उघडलं, आणि साखर पुरे का, असं विचारलं.

मुलाचं कंत्राट वाढलं. पाणी अजून सहाव्या दिवशीच येतं. भाभी आता ग्रुपवर काही लिहीत नाहीत, कुणी मोर्च्याचं लिहिलंच तर भेटल्यावर त्याला माझं नाव घेऊन सांगतात की काकूंच्या घरचा अनुभव आहे. रोज वाटतं, आज जाऊन सांगावं. तू असतीस तर मला गल्लीभर घरोघर फिरवून सांगायला लावलं असतंस. म्हणून खरं सांगते आई, तू नाहीस याचं मला आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं.