उजवी बाही, डावा मुंढा

करंजाडे, पनवेल
२४ एप्रिल २०२५

ती. भामाताईंना सुमतीचा नमस्कार.

गुडघा काय म्हणतो? तुमच्या भावाचं बीपी ताब्यात आहे, जीभ मात्र नाही. फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही, म्हणून हे पत्र आमच्या प्रणितच्या हाती शिरढोणला धाडतेय.

मी थकलेय हो. शिवणाच्या वर्गाची तपासणी चालू आहे. मुलींनी शिवलेला एकेक ब्लाउज उलटा करून टिपा बघायच्या, गुण द्यायचे, फोटो काढून साइटवर चढवायचे, आणि ती मेली साइट मध्येच मान टाकते. त्यात तळोज्याच्या कारखान्यांकडून वास आला की खिडक्या बंद. डोळे पार कामातून गेलेत.

आपल्या अंकिताचा ब्लाउज वर्गात सगळ्यात सुंदर होता. बाही उलटी केली आणि मला हसूच आलं. ताई, लग्न झाल्यापासून माझ्या अंगावर तुमच्याच हातचे ब्लाउज आहेत. मुंढ्याला तुम्ही घालता ती बारीक चुणी मी ओळखणार नाही होय?

हसले, मग राग आला. पोरीला समोर बसवलं, कापड दिलं, म्हटलं, लाव बाही. तिने उजवी बाही डाव्या मुंढ्याला लावली. आपली चूक दिसल्यावर रडायलाच लागली. म्हणाली, "मामी, आय मशीनवर बसूच देत नाय. जरा चुकलं का म्हणते, सर बाजूला, तुला नाय जमायचं."

तुम्ही मायेनेच केलंत, ते का मला कळत नाही? पनवेलच्या बुटीकवाल्या बाई पास झालेल्या मुलीलाच घेणार, त्याची तुम्हाला घाई आहे. पण तिथे शिवणार कोण? तुम्ही रोज तिच्या डब्यासोबत जाणार का?

किती गुऱ्हाळ लावलंय मी! सांगायचं ते एवढंच, की मी अंकिताला नापास केलंय. त्या ब्लाउजला गुण दिले असते तर ते तुम्हाला मिळाले असते, तिला नाही. बुटीकची जागा बहुतेक जाईल. रागवा माझ्यावर, बोलू नका, चालेल. फेरपरीक्षा पुढच्या महिन्यात आहे.

निकाल मी तिला तिथेच सांगितला. मग डोळे पुसून म्हणाली, "मामी, ही बाही घरी नेऊन उसवू? परत लावून बघते." वर्षभरात पहिल्यांदा तिने आपणहून काही मागितलं. मी लगेच हो म्हटलं.

आज ती ते कापड घेऊन मशीनवर बसेल. वाकडी टीप घालेल, दोरा तोडेल, कापडाची वाट लावेल. तुम्हाला बघवलं नाही तर दळण आणायला जा, शेजारी जाऊन बसा. पण ताई, तुमच्या पाया पडते, तिच्या हातातून घेऊ नका.

तुमची भावजय आणि तुमच्या लेकीची मास्तरीण,
सुमती