मनालीची शाळा

नारपोली, भिवंडी
६ जुलै २००५

ती. ताईस केसरीनाथचा सा. न. वि. वि.

फणसाचे गरे पोचले. मला दोनच मिळाले, बाकीचे मनालीने फस्त केले.

फोनवर माझा आवाज चढेल म्हणून लिहितो. तुझ्या आग्रहाखातर मनालीला मतिमंद मुलांच्या शाळेत घातली होती, ती मी काढली. परवा न सांगता गेलो, तर पोरगी मोरीत बसून कपबश्या विसळत होती. मी शाळेतल्या शिक्षिका कमळबाईंना तिथेच सुनावलं की आमच्या घरात भांड्याला बाई हाय, माझी लेक मोलकरीण व्हायला आली न्हाय. दोन अक्षरं शिकेल एवढीच आशा होती. तेरा वर्षं तिला माझ्या हाताने भरवतो, पुढेही भरवीन.

रागावू नकोस, ही विनंती.

तुझा,
केसरीनाथ


गणेशपुरी
१२ जुलै २००५

चि. केसरीनाथ यास अ. आ.

रागावले आहेच. तुला स्वतःला चहा करता येत नाही, आणि लेकीने कप विसळला तर तुझं नाक कापलं गेलं! कमळबाई तिला मोलकरीण करत नाहीत रे, स्वतःपुरतं करायला शिकवताहेत.

भरवशील, पण किती वर्षं? तू आणि माधवी नसताना तिला कोण भरवणार, तेवढं मला लिही. माधवीला म्हणावं, ऑपरेशनला घाबरू नकोस.

तुम्हां तिघांच्या काळजीत,
ताई


नारपोली, भिवंडी
३ ऑगस्ट २००५

ती. ताईस सा. न.

माधवीचं पित्ताशयाचं ऑपरेशन नीट झालं, उद्या घरी येईल. चार दिवस घरात मी आणि मनालीच होतो. पहिल्या सकाळी तिच्या आंघोळीचं कसं करावं कळेना. शेजारच्या मैनाला बोलवायला निघालो, तोवर ही आंघोळ करून, फ्रॉक घालून समोर उभी. बटणं खालीवर, पण तिची तिने लावलेली.

जेवताना घास पुढे केला, तर तिने माझा हात बाजूला सारला आणि आमटीभात कालवून आपली आपण जेवली. थोडं सांडलं. दवाखान्यात माधवीला सांगितलं तर ती हसली. म्हणाली की पोर दोन महिने अशीच जेवते. तुम्ही असलात की तुम्हाला बरं वाटावं म्हणून तोंड उघडते. ताई, मला तिथेच रडू आलं.

कमळबाईंची माफी मागितली. त्यांनी रागाचा शब्द काढला नाही, फक्त मोठ्या बटणांचे फ्रॉक शिवायला सांगितले. सोमवारपासून मनाली पुन्हा जाते आहे. त्यांचे आणि तुझे उपकार मी विसरणार नाही.

तू विचारलेल्या प्रश्नाच्या धास्तीने मी तेरा वर्षं देवीकडे एकच मागत होतो, की आमच्या आधी हिला ने. माधवीलाही हे ठाऊक नाही. काल देवीपुढे उभा राहून ते मागणं परत घेतलं.

अशीच हक्काने रागवत राहा.

तुझा धाकटा,
केसरीनाथ