जाणाऱ्याशी काय बोलावं

दि. ३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. कारण ऐकलंस तर आणखी रागावशील, म्हणून आधीच सांगून टाकते. माझ्या हातून एक चूक झालीय.

मी काम करते त्या वृद्धाश्रमात बारा नंबरच्या खोलीतले आजोबा गेले. घड्याळजी होते. हात थरथरायचे, तरी माझं घड्याळ दोनदा उघडून नीट करून दिलं त्यांनी. दुपारी श्वास अडखळायला लागला. डॉक्टरांना यायला वेळ होता, मुलगी दूरच्या गावी. माणसाला असं एकटं कसं जाऊ द्यायचं? बाबांच्या वेळी तू केलंस तेच मी केलं. कानाशी वाकून देवाचं नाव घेत राहिले, अगदी शेवटपर्यंत. मनाला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या स्वयंपाकीणबाईंनी हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. त्या आजोबांच्याच धर्माच्या. त्यांच्यात म्हणे जाणाऱ्याजवळ कुणी अवाक्षर काढत नाही. शब्द ऐकला की जीव मागे वळतो आणि अडकून बसतो. म्हणून सगळे नुसता हात धरून बसतात. आता सांग, मी त्यांची वाट सोपी करायला गेले आणि वाटेतच आडवी झाले की काय?

मुलगी वीस तारखेला सामान न्यायला येणार आहे. मोठ्या सिस्टर म्हणतात, झाकली मूठ झाकलेलीच राहू दे. तुला काय वाटतं, तिला सांगू की नको? आईला यातलं काही बोलू नकोस.

माया आहेच, ती पत्रातही दिसू दे. चार ओळींवर भागवू नकोस.

तुझी,
खारूताई


दि. ११ मार्च

चि. खारूताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा मी एका शिलाई मशीनच्या पोटात हात घालून बसलो होतो. वाचलं, मशीन तसंच टाकलं आणि चौकशीला निघालो. नको तिथे नाक खुपसायची माझी खोड तुला ठाऊकच आहे.

समोरच्या शिंपीणबाई म्हणाल्या, त्यांच्यात जाणाऱ्याने स्वतःच देवाचं नाव घ्यायचं असतं, त्याला जमलं नाही तर जवळच्यांनी. शाळेतले मास्तर म्हणाले, ऐकायला कुणी उरतच नाही, तेव्हा हवं ते बोला. शेजारच्या दुकानातला बटणवाला म्हणाला, सगळं आधीच ठरलेलं असतं, तुमच्या बहिणीच्या बोलण्याने काडीचाही फरक पडायचा नाही. यावरून त्याची आणि मास्तरांची अशी जुंपली की माझी दोन गिऱ्हाइकं परत गेली. ज्या गावाला जायचं नाही त्याची वाट विचारू नये म्हणतात. इथे तर जाऊन परत कुणीच आलेलं नाही, तरी वाट मात्र ज्याला त्याला तोंडपाठ.

आता खरं लिहितो. बाबांच्या वेळी मी देवाचं नाव घेतलंच नव्हतं. ओठांवर आलं होतं, तेवढ्यात त्यांनी डोळे उघडून विचारलं, दुकानाचं शटर ओढलंस का? मी म्हटलं, हो बाबा, ओढलं, कुलूपही लावलं. ते नुसतं हं म्हणाले आणि संपलं. बाहेर आल्यावर सगळे विचारायला लागले, कानात नाव घेतलंस ना? मी मान हलवली. त्या एका होकाराचं ओझं सहा वर्षं वाहतोय. तेव्हा तू त्या मुलीला सांगून मोकळी हो.

भांडायचं असलं तरी पत्रातूनच भांड, गप्प बसू नकोस.

तुझा,
दादा


दि. २४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

रागावले. दोन दिवस मनातल्या मनात तुझ्याशी कडाकडा भांडले. बाबा गेले तेव्हा मला रजा मिळाली नाही, पण दादाने त्यांना नीट पाठवलं, एवढ्यावर मी मन घट्ट करून होते. तेही तू काढून घेतलंस. वाईट वाटलं ते वाटलंच.

मुलगी आली. केस पिकलेले, माझ्याहून बरीच मोठी. शर्टांच्या घड्या घालता घालता मी सगळं सांगून टाकलं. तिचे हात थांबले. म्हणाली, मला हे आवडलेलं नाही आणि आवडलं असं खोटं म्हणणार नाही. मी पुढचा शर्ट घडीला घेतला. मग तिनेच एकेक विचारायला सुरुवात केली. नेमकं काय म्हणालात, त्याचा अर्थ काय, तुमच्यात असं का करतात. मी म्हटलं, माणूस अंधारात बावरतो, ओळखीचं नाव कानावर पडलं की त्याला वाट सापडते, असं आम्ही मानतो. ती म्हणाली, आमच्यात म्हणतात की त्याला वाट माहीतच असते, चुकवतो ते आपण. मग दोघी त्या रिकाम्या पलंगावर टेकलो.

तिने विचारलं, तुमच्या वडिलांजवळ कोण होतं? मी शटरचं सांगितलं. ती म्हणाली, तुमचा भाऊ योग्य वागला. आमच्यात आपणहून बोलायचं नसतं, पण जाणाऱ्याने विचारलं तर उत्तर द्यायचं, आणि ते खरं द्यायचं.

तिने मला माफ केलं की नाही, देव जाणे. दारापर्यंत गेली, परत आली आणि ते नाव मला पुन्हा एकदा म्हणायला लावलं. तिला नीट ऐकायचं होतं.

आता तूही आईला सांगून टाक. राग ओसरलाय, माया होती तेवढीच आहे.

तुझी,
खारूताई


दि. ५ एप्रिल

चि. खारूताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. नावाबद्दल एक शब्दही बोलली नाही. एवढंच विचारलं, शटर खरंच ओढलं होतंस का?

उत्तर खरं द्यायचं, हे आजोबांच्या मुलीचं वाक्य तुझं पत्र वाचल्यापासून मला टोचतच होतं. नव्हतं गं ओढलं. बाबांची तब्येत बिघडल्याचं कळलं तसा दुकान उघडं टाकून धावलो होतो. मागाहून बटणवाल्याने ओढलं. हे ऐकून आई हसायला लागली. पोट धरधरून हसली आणि हसता हसता रडायला लागली. म्हणाली, मग ते आधी दुकानातच गेले असतील बघायला, तुझ्यावर कधी विसंबले होते ते?

काल संध्याकाळी ती दुकानात आली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. मी आवरेपर्यंत त्यांच्या स्टुलावर बसून राहिली. मी शटरला हात घातला तर मला बाजूला सारलं, दोन्ही हातांनी स्वतः ओढलं. कुलूप मला लावायला सांगितलं आणि दोनदा हिसका देऊन पाहिलं. मग बंद शटरकडे तोंड करून, रस्त्यावरची माणसं बघताहेत याची पर्वा न करता म्हणाली, अहो, ओढलंय हो शटर. निघा आता.

तुझा,
दादा