शुक्रवारची पाळी

प्रिय इम्के,

फोन आपटलास ते बरं केलंस. "तुझ्या रेणूंना विचार आधी, शुक्रवार चालतोय का त्यांना!" हे तुझं वाक्य मी प्रयोगशाळेत माझ्या सहकाऱ्याला, हौकेला ऐकवलं. तो हसला. बाबाची रक्षा समुद्रात सोडायला बोट निघणार शुक्रवारी, आणि आमच्या गटाला क्ष-किरण लेझरची पाळी मिळाली तीही शुक्रवारचीच. अर्ज करकरून मिळालेली पाळी आहे, पुढे ढकलता येत नाही, असं मी तुला दहादा सांगितलं. तेही खरंच आहे.

इकडचं म्हणशील तर काम छान चाललंय. पदार्थाची वाफ हेलियमबरोबर बारीक तोटीतून निर्वात पेटीत सोडायची, की पसरता पसरता रेणू गारठतात, गरगरायचे थांबतात. मग लेझरला त्यांचं चित्र टिपता येतं. लहानपणी तू विचारायचीस, त्यांना स्वेटर का नाही घालत? बाबा म्हणायचा, अगं, तुझी आई घालू देईल तर ना! काल तोटी तुंबली. सगळं उघडलं, पुसलं, पुन्हा बसवलं. आज रेणूंचा झोत असा सरळ आला की सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. "गेझा, तू नुसते डोळे वटारलेस तरी रेणू गार पडतात," हौके म्हणाला. मीही हसले. हसू येतं, जेवण जातं, झोपही लागते. हेच तर विचित्र आहे.

एक तुला सांगितलं नव्हतं. रुग्णालयात बाबाचा श्वास थांबला आणि तू डॉक्टरांना बोलवायला धावलीस, तेव्हा मी माझ्या डेटलेफच्या कपाळावर हात ठेवला. मनात आलं, बत्तीस अंश असेल. इतक्या वर्षांचा संसार, आणि रडू नाही आलं गं, आकडा आला! त्यानंतर काहीच आलेलं नाही. त्याचे बूट अजून दारातच आहेत, मी ते ओलांडून कामाला जाते. तू त्याचा मफलर पोटाशी धरून हमसत होतीस, तेव्हा मी स्वयंपाकघरात कॉफी गाळत होते. मला ते ऐकू येत होतं.

आता मुद्द्याचं. हौकेला झोत माझ्याइतकाच सांभाळता येतो. पाळी माझ्यावाचून अडणार नव्हती, मीच तिच्याआड लपले होते. बोटीवर सगळे रडतील, ट्रूडेल आत्या माझ्याकडे टक लावून बघेल आणि मी ठोकळ्यासारखी उभी असेन, याची मला धास्ती होती. आज सगळं हौकेवर सोपवून आले. शुक्रवारी बोट सुटते त्या ट्रावेम्युंडच्या धक्क्यावर मी येतेय. मला रडू येणार नाही, इम्के. तेवढ्यावरून, हिचं त्याच्यावर प्रेमच नव्हतं, असं तू म्हणू नकोस. बाकीचे म्हणाले तरी चालेल.

रागावलीस तरी तुझीच,
आई