पत्र्याच्या डोक्यातला नट

३ मार्च
आजपासून रोज लिहायचं. उद्या कुणी माझं चरित्र लिहायला घेतलं तर मालमसाला हवा.
मालिकेतला यंत्रमानव म्हणजे मी. अंगभर पत्रा. डोकं मागून स्क्रूने बंद, ते फक्त ड्रेसवाले काका उघडतात. आवाज दुसऱ्याचा. पण चाल माझी! आधी गुडघा, मग टाच, मग मध्येच क्षणभर थांबणं. तीन महिने आरशासमोर घडवली आहे. याला म्हणतात अभिनय.

५ मार्च
डायरी दोन दिवसांनी. चालायचंच.
काका माझं डोकं बंद करून जेवायला गेले. नाकाला खाज. ओरडलो, पण आतल्या आत. लाइटवाला माझ्या खांद्यावर चहाचा कप ठेवून गेला. म्हणजे मी त्याला खरंच यंत्र वाटलो. केवढी दाद!

९ मार्च
बाबा राहायला आलेत. मी बँकेतली नोकरी सोडली तेव्हा म्हणाले होते, या तोंडाला कोण घेणार? आज शेजाऱ्यांनी त्यांना विचारलं, मालिकेत तुमचा मुलगा कुठला? बायकोने परस्पर सांगितलं, डब्यातला. बाबा चष्मा पुसत बसले. जिव्हारी लागलं. एकदा, फक्त एकदा, बाबांना माझं तोंड टीव्हीवर दिसलं पाहिजे. मग लाथ मारतो या नोकरीला.

१४ मार्च
डायरेक्टरला ठणकावलं: चेहरा नाही तर मी नाही! डोकं बंद होतं, त्यामुळे ऐकू कितपत गेलं कोण जाणे. पण त्याने मान डोलावली. काकांचं म्हणणं, तो फोनवर बोलत होता.

१५ मार्च
बघा! पुढच्या शनिवारच्या भागात यंत्रमानवाचं डोकं उघडणार, आत माणसाचा चेहरा! आत्याला फोन, मामांना फोन, बँकेतल्या जुन्या साहेबांनाही फोन. गोड बंद. फेशियल केलं. बायको म्हणते, भिंतीला रंग दिला म्हणून घर नवं होत नाही. जळते.

१९ मार्च
शूटिंग. काकांनी स्क्रू काढले. चेहऱ्याला वारा लागला आणि मी सगळं ओतलं: वेदना, माया, यंत्राचा एकटेपणा. डायरेक्टर म्हणाला, मान अजून खाली घाल. घातली. सगळे गप्प. भारावले असणार. मग त्याने हीरोला माझ्याच जागी उभं केलं. शिकू दे बिचाऱ्याला.

२२ मार्च, संध्याकाळी
घर पाहुण्यांनी भरलेलं. टीव्हीवर डोकं उघडलं. आत हीरो! यंत्र म्हणे त्याच्याच रूपात घडवलं होतं. आत्याने विचारलं, नाक कधी करून घेतलंस? बायकोने तिला हळूच आत नेलं. आज पहिल्यांदा ती मला काही बोलली नाही. ते जास्त लागलं.
पाहुणे पांगल्यावर बाबांना म्हटलं, मी दिसलोच नाही हो. बाबा म्हणाले, दिसलास की, पहिल्या भागापासून बघतोय. आधी गुडघा, मग टाच, मग मध्येच थांबतोस. शाळेत जायचास तेव्हापासून असाच चालतोस. किती डॉक्टर केले, काही फरक पडला नाही.
डोळे भरून आले. आनंदाने की अपमानाने, ते अजून ठरवलेलं नाही.

२३ मार्च
राजीनामा लिहिला. तेवढ्यात डायरेक्टरचा फोन. यंत्रमानव लोकांना फार आवडलाय, मालिका संपेपर्यंत मरणार नाही. उद्या सातला ये. हो म्हणालो. तोंडातून निघून गेलं.
मग पाणी प्यायला उठलो. स्वयंपाकघरापर्यंत साधं, माणसासारखं चालून बघायचं ठरवलं. पावलं ऐकून बाबांनी पेपरातून डोकं वर न काढता सांगितलं, येताना मलाही आण.